दडप्या पोह्यांतलं आपलं काय नि परकं काय?

चिपळूणची_सून:
सासूबाई म्हणतात, दडपे पोहे अस्सल कोकणी, त्यातला जिन्नस न् जिन्नस परसातला. आठवीतले चिरंजीव म्हणतात, मिरची नि शेंगदाणे परदेशी. खरं कोणाचं? मला दोघांबरोबर एकाच घरात राहायचंय, तेव्हा जरा बेतानं सांगा.

माडाखालचा:
चिरंजीव बरोबर आहेत, पण सासूबाईंचंही बरंच टिकतं.

मिरची मेक्सिकोकडची. १४९२ ला कोलंबस पलीकडे पोचला, त्यानंतर ती युरोपात आली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. शिलाहारांच्या काळी कोकणात कुणाला तिखट खावंसं वाटलं, तर मिरी नाहीतर आलं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हियाच्या बाजूचा. पाहुणे आले म्हणून काजूगर घातलेत? तेही मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनीच आणलेले. आमच्यात काजूच्या कलमांवरून भाऊबंदकी चालते, ती वेगळी गोष्ट.

हिंग मात्र अमेरिकेचा नव्हे. इराण-अफगाणिस्तानातल्या झुडपाच्या मुळाचा तो चीक. हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात त्याची लागवड सुरू झाली ती २०२० मध्ये! कांदा मध्य आशियाकडचा, पण चरकसंहितेत आहे, त्याला आता परका कोण म्हणणार?

आता सासूबाईंची बाजू. २०११ च्या एका जनुकीय अभ्यासात नारळाची दोन मूळ घरं निघाली: एक प्रशांत महासागराकडे, दुसरं दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीवच्या टापूत. म्हणजे खोबरं घरचंच. ऊस न्यू गिनीचा, पण रस आटवून त्याची दाणेदार साखर करण्याची कला भारतातली.

आणि रीत? पातळ पोहे भिजवायचे नाहीत. ओलं खोबरं, कांदा, मीठ, साखर, लिंबू हातानं चांगलं चुरडायचं, पाणी सुटलं की पोहे कालवायचे, फार कोरडे वाटले तर शहाळ्याचं नव्हे, नारळाचंच पाणी शिंपडायचं आणि वर जड ताट दडपून ठेवायचं. ज्या घरात रोज नारळ फुटतो तिथेच हे सुचणार.

खारवी_आळी:
उपासाचं बघा की! कांदा-लसूण वर्ज्य; साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची चालते. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोसुद्धा दक्षिण अमेरिकेचा. चारही जिन्नस अटलांटिकपलीकडचे, आणि एकादशीला पहिल्या पंगतीला.

चिपळूणची_सून:
मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग मिरीचे करून बघू एकदा." प्रमाण सांगाल का?

माडाखालचा:
नारळाच्या एका वाटीच्या खोबऱ्याला सात-आठ मिरे, भरड कुटून. पूड नको, नुसती जिभेला झोंबते. आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा किसून खोबऱ्याबरोबरच चुरडा. फोडणी मोहरी-हिंगाची, शेंगदाणे वगळा. कुरकुरीत हवं म्हणून मिरगुंडं तळून घ्या, पण चहा कपात ओतल्यावरच वर चुरा. आधी चुरलीत तर सर्दावतात.