काचेवर वाफ, बोट पडद्यावर : नव्या गाड्यांची रचना आणि रस्त्यावरची सुरक्षितता

घाटवळण (मूळ धागा)

गेल्या श्रावणात चुलतभावाची नवी एसयूव्ही घेऊन मी ताम्हिणी घाटातून माणगावच्या बाजूला उतरत होतो. पावसाने झोडपून काढले होते आणि पुढची काच आतून बघता बघता धुरकटली. माझ्या चौदा वर्षांच्या हॅचबॅकमध्ये अशा वेळी डावा हात न पाहता दोन नॉबकडे जातो, वारा काचेकडे वळवून एसी सुरू केला की काम झाले. या गाडीत मात्र आधी पडद्यावरचा नकाशा बाजूला सारायचा, मग पंख्याचे चित्र शोधायचे आणि त्यातून उघडणाऱ्या चौकटीत काचेचे चिन्ह दाबायचे. हाताने काच पुसल्यामुळे बोट ओले झाले होते, त्यामुळे पडदाही दाद देईना. शेवटी वळणाआधी गाडी कडेला घेऊन थांबलो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. स्वीडनमधील ‘वी बीलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने एक साधी चाचणी घेतली होती. ठरावीक चार कामे करायला २००५ सालच्या, बटणांच्या व्होल्वोत १० सेकंद पुरले. पडद्यावर चालणाऱ्या नव्या गाड्यांपैकी सर्वांत मागे पडलेल्या गाडीत जवळपास ४५ सेकंद लागले आणि तेवढ्यात ती १,३७२ मीटर पुढे गेली होती. गाड्यांच्या सुरक्षिततेची चाचणी घेऊन तारे देणाऱ्या युरोपातील युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ च्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना प्रत्यक्ष कळ असण्यावर गुण ठेवले आहेत. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे मुख्यतः धडक बसल्यानंतर काय होईल हे सांगतात. धडक बसण्याआधीचे ते सेकंद कोण मोजणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

पाना-स्पॅनर

आपला अनुभव खरा असेल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष जुन्या गाड्यांच्या प्रेमातून आलेला वाटतो. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर धडकवली होती. दणकट पत्र्याच्या बेल एअरमध्ये चालकाच्या जागी बसवलेल्या बाहुल्याची जी गत झाली, तिच्यात माणूस वाचला नसता. मालिबूच्या चालकाला पायाच्या दुखापतीवर भागले असते.

आपल्याकडे तर इतके मागे जायचीही गरज नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने तपासलेल्या अल्टो, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो या पाचही गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले होते. आपली चौदा वर्षांची हॅचबॅक साधारण त्याच पिढीतली आहे, हे नम्रपणे नमूद करतो. डिसेंबर २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, हा पल्ला जेमतेम पाच वर्षांचा आहे. राहिला पडदा, परकी गाडी घाटात घालण्याआधी घरासमोर उभी करून पाच मिनिटे समजून घेतली असती, तर हा धागा निघालाच नसता.

घाटवळण

पाच मिनिटांचा टोला मान्य. पण जुना पत्रा मजबूत होता, असे मी कुठेही म्हटलेले नाही. पाच ताऱ्यांच्या सांगाड्यात तीन नॉब बसवायला जागा नसते, असे तर नाही ना?

स्कूटरवाली

तुम्ही दोघेही काचेच्या आत बसून बोलत आहात, म्हणून बाहेरची बाजू मांडते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि सुमारे १९ टक्के पायी चालणारी. सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी हल्लीची एखादी गाडी उभी राहिली, की तिच्या बॉनेटची कड माझ्या खांद्याला येते. पुढून शाळेचे पोर गेले तर चालकाला त्याची टोपीसुद्धा दिसणार नाही. वर उल्लेखलेल्या त्याच अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये सांगितले, की ४० इंचांहून उंच बॉनेटची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते.

आणखी एक. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड झाले, कारण गाडी उलटली तरी छत दबू नये. हेतू चांगलाच आहे, पण वळणाऱ्या गाडीच्या त्या खांबामागे मी अख्खी, स्कूटरसकट, लपते. आतल्याचा जीव वाचवणारी वस्तू बाहेरच्याला दिसेनासे करते, आणि तारे मात्र आतल्यांच्याच जिवाचे मोजून दिले जातात. रात्री उंच गाड्यांचे एलईडी थेट डोळ्यांत घुसतात, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

पाना-स्पॅनर

ताई, बॉनेटचा मुद्दा पटला. तरीही माणसाच्या सवयीला रचनेचा दोष म्हणू नये. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्यासह मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी होती, पट्टाही होता. पट्ट्याची टुणटुण बंद करणारी खोटी क्लिप विकत घेणारा ग्राहक कुठल्या रचनेने सुधारणार? २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने गाडीच्या पुढे बसवलेले लोखंडी बुलगार्ड काढायला राज्यांना कळवले होते, आजही कुठल्याही वाहनतळावर नजर टाका.

घाटवळण

सवय आणि रचना इतक्या वेगळ्या काढता येत नाहीत. टुणटुण हीसुद्धा रचनाच आहे, आणि ती आली म्हणून कित्येकांनी निमूटपणे पट्टा लावायला सुरुवात केली.

स्कूटरवाली यांच्या दिव्यांच्या तक्रारीवर एक सांगतो. मागची सीट आणि डिकी भरली की गाडीचे नाक वर होते आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघ्यापाशी, ० ते ३ आकड्यांचे एक लहान चक्र असते. ओझे वाढले की आकडा वाढवायचा, म्हणजे झोत खाली येतो. दहा जणांना विचारले तर आठ जणांना ते कशाचे आहे हे ठाऊक नसते, हा पाना-स्पॅनर यांचा मुद्दा झाला. माझा मुद्दा असा, की परवा चुलतभावाच्या गाडीत मी ते चक्र शोधले, तर गुडघ्यापाशी कोरी प्लॅस्टिकची पट्टी होती. झोत खाली करण्याची सोय पडद्यावर, सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर सापडली.