आंतरराष्ट्रीय परिषद नवी मुंबईत भरते, मग नवी मुंबई तिच्यात का नसते?

बेलापूरकर (धागा सुरू करणारी)

आमच्या भागातल्या एका कॉलेजात नुकतीच मानसशास्त्र आणि समाजशास्त्राची दोन दिवसांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. कॉलेजचं नाव देत नाही, कारण पनवेलपासून ठाण्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी साधारण असंच चालतं. मी समाजशास्त्रात एमए केलंय आणि सध्या तुर्भे स्टोअरच्या वस्तीत एका संस्थेचं काम करते. फी भरून गेले होते.

पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागत आणि सत्कार यांत निम्मी सकाळ गेली. मग परदेशातल्या एका प्राध्यापकांचं बीजभाषण ऑनलाइन झालं. ते चांगलं होतं, पण प्रश्नांना वेळ उरला नाही. दुपारी एकाच वेळी चार खोल्यांत शोधनिबंध सुरू झाले. प्रत्येकाला सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला घंटा. विषय काय, तर तरुणांमधला सोशल मीडियाचा वापर आणि आत्मसन्मान, नोकरदार स्त्रियांचा ताण, भावनिक बुद्धिमत्ता. विषय वाईट नाहीत. पण हे निबंध भोपाळला वाचले असते तरी त्यांतलं एक वाक्य बदललं नसतं.

हे शहर म्हणजे समाजशास्त्राला पुरून उरेल एवढं साहित्य आहे. १९७० साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आलं आणि ९५ गावांची जमीन संपादित होत गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. आता विमानतळासाठी दहा गावं उठली. एपीएमसीच्या घाऊक बाजारात ओझी वाहणारे माथाडी आहेत, नाक्यानाक्यावर सकाळी कामाची वाट पाहणारे मजूर आहेत. दोन दिवसांत यातल्या एकाचाही उल्लेख मी ऐकला नाही.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. अशा प्रत्येक परिषदेत एक पूर्ण सत्र मराठीत आणि इथल्या प्रश्नावर असावं, तेही खोली क्रमांक चारमध्ये नाही तर मुख्य सभागृहात. आणि ज्यांना फक्त ऐकायचं आहे त्यांना फी नसावी. तुम्हाला काय वाटतं?

स्टाफरूम

बेलापूरकर मॅडम, मी अशा परिषदांच्या आयोजनात असतो म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

आधी पैशाचं. आयसीएसएसआर या समाजविज्ञान संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे अर्ज करता येतो, तिचं पश्चिम विभागीय केंद्र कलिनालाच आहे, पण अनुदान प्रत्येकाला मिळत नाही. मग दोन दिवसांचं जेवण, छपाई आणि पाहुण्यांचा प्रवास नोंदणी फीमधूनच भागवावा लागतो. फी काढली तर परिषदच होणार नाही.

दुसरं, सात मिनिटं. वेळ वाढवायचा तर निबंध नाकारावे लागतात, आणि तसं ठरवलं तर सगळ्यात आधी कोण गळतं? मुरबाड-शहापूरकडच्या कॉलेजांतली पोरं, ज्यांचं इंग्रजी अडखळतं. मी त्यांना नाकारत नाही. माईकसमोर पहिल्यांदा उभी राहिलेली मुलगी घंटा होईपर्यंत बोलते आणि नंतर बाहेर येऊन कुणाला तरी प्रश्न विचारते. तिच्या पुढच्या तीन वर्षांसाठी हे फार महत्त्वाचं असतं. हे तुम्हाला कार्यक्रमपत्रिकेत दिसणार नाही.

आणि मराठीचं. मराठी समाजशास्त्र परिषद आहे, तिची अधिवेशनं होतात, निबंध मराठीत वाचले जातात. म्हणजे ते व्यासपीठ अस्तित्वात आहे. आमच्याकडे कर्नाटक, गोवा, केरळमधून लोक येतात. त्यांनी मुख्य सभागृहात दीड तास काय करायचं?

कळवा-खारेगाव

सर, मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत त्याच्याशी सहमत. पण अशा परिषदा इतक्या का वाढल्या, तेही सांगायला हवं. मी पीएचडी करतोय, नियम पाठ आहेत.

यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, प्राध्यापकांच्या भरती-बढतीसाठी निबंधवाचनाला गुण देतो. २०१० च्या नियमांत ते असे होते: आंतरराष्ट्रीय परिषदेला १०, राष्ट्रीयला साडेसात, राज्य पातळीला ५, विद्यापीठ किंवा कॉलेज पातळीला ३. २०१८ च्या नियमांत परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीयला ५, राष्ट्रीयला ३ आणि राज्य पातळीला २. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला संशोधनाचे किमान ७५ गुण लागतात. म्हणजे फलकावर 'आंतरराष्ट्रीय' लिहिलं की तोच निबंध जास्त गुणांचा होतो. त्यासाठी एक परदेशी पाहुणा ऑनलाइन आणायचा.

वर २०१६ च्या पीएचडी नियमांत प्रबंध देण्याआधी दोन परिषदांत निबंधवाचन सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली, तरी गर्दी कमी झालेली मला दिसत नाही, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालातही परिषदांच्या इतिवृत्तांतले निबंध मोजले जातात.

आणि निबंध छापायचा कुठे? यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतल्या नियतकालिकांची पुण्याच्या संशोधकांनी तपासणी केली होती. ती २०१८ साली 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आली. तपासलेल्या हजारेक नियतकालिकांपैकी ८८ टक्के निकषांवर टिकली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नावं यादीतून काढली. नियतकालिकं आणि परिषदा चालवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ साली पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. तिच्यावरच्या आरोपांत हेही होतं की मान्यवर परिषदेला येणार असं खोटं सांगून लोकांकडून पैसे घेतले. तुमच्या परिषदेला मी त्या रांगेत बसवत नाही, सर. पण बाहेरच्या माणसाला दोन्हींची पत्रिका सारखीच दिसते. फरक तुम्हालाच दाखवावा लागेल.

मनोमन

मी ठाण्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. धागा पूर्ण वाचला. मला बेलापूरकरांचा सूर थोडा धोक्याचा वाटतो.

मानसशास्त्राची अडचण नेमकी उलटी आहे. २००८ साली जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकेतली प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकं तपासली, तेव्हा अभ्यासात भाग घेतलेली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली निघाली. जगाच्या लोकसंख्येत या देशांचा वाटा जेमतेम १२ टक्के. आपण वर्गात 'माणूस असा वागतो' म्हणून शिकवतो ते बरंचसं या १२ टक्क्यांवरून आलेलं. आपल्या घरचंही बघा. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्यांत केलं, १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं त्यात दिसलं. हा आकडा आपल्याकडे प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात असतो. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय उभं आहे, तिथल्या माणसांबद्दल आपण दुसऱ्या राज्यांच्या आकड्यांवरून बोलतो.

म्हणूनच तुर्भ्याची, कळव्याची माहिती इंग्रजीत, जगाला वाचता येईल अशा ठिकाणी जायला हवी. मराठी सत्रात ती मांडली तर आपल्याला बरं वाटेल, पण त्या ९६ टक्क्यांत फरक पडणार नाही.

आणि सत्र सगळ्यांना खुलं ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे. मी माझ्या रुग्णांवरचा अभ्यास मांडला आणि समोर त्याच वस्तीतले लोक बसले असतील तर? नाव बदललं तरी 'सेक्टर अमुकमधली तीन मुलांची आई' कोण, हे शेजारणीला लगेच कळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. परिषदेचं सभागृह आणि गावची सभा यांत अंतर असावं, ते माणसाच्या भल्यासाठीच आहे.

पूर्व द्रुतगती

मनोमन यांच्याशी सहमत. संशोधनाची भाषा इंग्रजी आहे, भावनेपोटी हे नाकारून मुलांचं नुकसान करू नका.

तरघरची

मी शक्यतो वाचूनच जाते, आज लिहिते. आमचं घर विमानतळाच्या हद्दीत गेलं. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, उलवे ही नावं आता तुम्हाला बातम्यांत दिसतात. मी सध्या एमए करते.

मनोमन ताई, रुग्णाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण आम्ही रुग्ण नाही. घर उठवताना काय झालं, कुणाला भूखंड मिळाला, कुणाचा वाद अजून चालू आहे, खाडीवरची मासेमारी बंद झाल्यावर घरातल्या बायकांनी काय काम धरलं, हे लपवून ठेवण्यासारखं नाही. उलट ते सांगायला माणसं बसलीत. गावात प्रश्नावल्या घेऊन पोरं येतात. माझ्या आजीने आतापर्यंत किती जणांना चहा पाजला याचा हिशेब नाही. 'तुम्हाला किती ताण जाणवतो, एक ते पाच' असं विचारतात, खूण करतात, जातात. त्याचं पुढं काय झालं ते कुणी सांगायला परत आलेलं आठवत नाही. ते निबंध कुठल्यातरी परिषदेत वाचले गेले असणार, कदाचित गावापासून अर्ध्या तासावरच.

इंग्रजीत जरूर लिहा, मीही लिहीन. पण ज्याच्याकडून माहिती नेली त्याला ती त्याच्या भाषेत परत मिळावी. मागणी एवढीच आहे, आणि ती मला फार मोठी वाटत नाही.

बेलापूरकर

तरघरची, तू लिहिलंस ते माझ्या लेखापेक्षा नेमकं आहे.

मनोमन, इंग्रजी सोडा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, मग समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आले, आणि घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे इंग्रजीतही लिहीत होत्या आणि मराठीतही. त्यांच्या इंग्रजी संशोधनाची पत मराठी लेखनाने कमी झाली नाही.

स्टाफरूम सर, तुम्ही कर्नाटक-केरळच्या पाहुण्यांचं विचारलंत. जागतिक पातळीवरच्या समाजशास्त्र संघटनेचंच घ्या. आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटना १९४९ सालची. तिच्या अधिकृत भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. तिची वर्गणी सगळ्यांना सारखी नाही, देशाच्या उत्पन्नानुसार गट पाडलेले आहेत. १९८६ साली तिचं जागतिक अधिवेशन आपल्या दिल्लीत झालं होतं. इतक्या मोठ्या संघटनेला भाषा आणि फी दोन्ही सैल ठेवता येतात, तर वाशी-नेरूळच्या कॉलेजला का नाही?

स्टाफरूम

मॅडम, उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. त्या तिन्ही भाषा अनेक देशांत चालतात म्हणून अधिकृत आहेत. अधिवेशन दिल्लीत झालं म्हणून हिंदी अधिकृत झाली नाही. आणि तिच्यामागे जगभरच्या सभासदांची वर्गणी आहे, आमच्यामागे प्राचार्यांची सही.

कळवा-खारेगाव, गुणांचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण त्याचा राग शिक्षकावर काढू नका. कंत्राटावर शिकवणारी माणसं आठवड्याला भरमसाट तासिका घेऊन रात्री निबंध लिहितात. त्यांना नियमाने परिषदेला पाठवलंय. नियम आम्ही केला नाही.

तरघरची यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो योग्य आहे. माहिती गावात परत जायला हवी. पण ती परिषदेतून जाणार नाही. बीजभाषण आणि चहा यांच्यामधल्या दीड तासात कुठल्या गावाला काय समजणार? त्यासाठी विभागाने गावातच जावं, समाजमंदिरात बसावं, कोऱ्या कागदावर चार आकडे काढून दाखवावेत. मराठी सत्र ठेवलं की आपण ते काम केलं असं सगळ्यांना वाटेल आणि खरं काम राहून जाईल. माझा विरोध यासाठी आहे.

कळवा-खारेगाव

राग शिक्षकांवर नाही सर, लिहिताना तसं वाटलं असेल तर माफ करा. पण एक सुचवतो. प्रमाणपत्र आणि जेवण यांची फी ठेवा, नुसतं ऐकायला येणाऱ्याकडून काही घेऊ नका. मागच्या खुर्च्या रिकाम्याच असतात.

मनोमन

याला माझी हरकत नाही, फक्त रुग्णांवरचे निबंध ज्या खोलीत आहेत ती खोली नोंदणी केलेल्यांसाठीच ठेवा. आणि गावांवरच्या अभ्यासात गावाचं खरं नाव छापायचं की नाही, हे संशोधकाने एकट्याने ठरवू नये, आधी गावात विचारावं.

तरघरची

आमच्याकडे विचारा, लोक नाव छापाच म्हणतील. पण विचारा.

स्टाफरूम सर, गावात या म्हणता ते मला आवडलं. पण मग परिषदेच्या नियमावलीतच लिहा ना, की ज्याने इथल्या लोकांकडून माहिती घेतली त्याने निबंधाबरोबर दोन पानांचा मराठी गोषवारा द्यायचा आणि तो कुणाला नेऊन दिला तेही लिहायचं. इंग्रजी गोषवारा तुम्ही मागताच. सत्राला वेळ लागतो, सभागृह लागतं, याला काहीच लागत नाही.

स्टाफरूम

हे करता येईल. ऐकणाऱ्यांना फी माफ आणि मराठी गोषवारा सक्तीचा, हे दोन्ही मी विभागाच्या बैठकीत मांडतो. गोषवाऱ्याला आमच्यातलेच काही विरोध करतील, परराज्यातल्यांना कसं जमणार म्हणतील. त्यांनी इथे माहिती गोळा केली नसेल तर त्यांना तो लागूच होत नाही, असं सांगेन.

मुख्य सभागृहातल्या मराठी सत्राला मात्र माझा विरोध कायम आहे.

बेलापूरकर

आणि माझी मागणीही. गोषवारा गावात पोचला तर तो वाचणाऱ्याला प्रश्न पडतील. ते प्रश्न संशोधकाला समोरासमोर विचारायची जागा मला त्या सभागृहातच हवी आहे, बाकीचे प्राध्यापक ऐकत असताना.