नवा टीव्ही बॉक्स घ्यायचाय : आधी लॅनची (नेटची वायर खोचायची) जागा आणि बिनजाहिरातीची होम स्क्रीन हवी, बाकी सगळं नंतर

चिरेबंदी_डिचोली
चवथीच्या आधी घरचा बॉक्स बदलायचाय. जाहिराती बघाव्या तर सगळीकडे फोर-के, डॉल्बी आणि रिमोटशी बोला एवढंच. माझं म्हणणं, वापरणाऱ्याचं अडतं ते भलतीकडेच.

आमच्याकडे राउटर बाहेरच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, आणि टीव्ही आतल्या खोलीत. मध्ये चिऱ्याच्या जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तिथवर पोचेपर्यंत मरतं. २.४ वर जावं तर आजूबाजूचे सगळे राउटर त्याच पट्ट्यात. फोर-केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस मागतं. लाईन १०० ची असून आतल्या खोलीत तेवढंही टिकत नाही. वायर ओढली की विषय संपतो. पण बहुतेक स्टिकना, म्हणजे टीव्हीलाच खोचायच्या छोट्या बॉक्सना, लॅनची जागाच नसते, अडॅप्टर वेगळा घ्या. ॲपलने २०२२ च्या टीव्ही बॉक्समध्ये ६४ जीबीवाल्याला ती जागा दिलीच नाही, १२८ जीबीवाल्याला दिली. वायरीसाठी जास्त पैसे! गूगलने २०२४ च्या ‘स्ट्रीमर’ बॉक्समध्ये दिलीय, म्हणजे अवघड काही नाही.

आणि होम स्क्रीन. बॉक्स मी विकत घेतलाय. चालू केल्या केल्या अर्ध्या पडद्यावर मी कधी न मागितलेल्या मालिकेचं पोस्टर का? मला माझी ॲप्स दिसू देत, माझ्या क्रमाने. हजारभर रुपये जास्त द्यायला मी तयार आहे.

फोंड्याचो_भुरगो
दादा, तुमची मागणी हौशी माणसाची आहे. आमच्या वाड्यावर ज्यांनी स्टिक घेतली ती स्वस्त मिळाली म्हणून घेतली, आणि ती स्वस्त पडते त्यात त्या पोस्टरांच्या पैशांचा वाटा आहे. पोस्टर काढा, किंमत वाढवा, मग लोक घेणारच नाहीत. शिवाय गूगल टीव्ही या बॉक्सच्या सिस्टिममध्ये ‘फक्त ॲप्स’ अशी सोय आहेच. ती चालू केली की शिफारशींच्या रांगा जातात. लॅनचं म्हणाल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ती जागा कशाला?

चिरेबंदी_डिचोली
ती सोय चालू केली की आवाजी शोधही बंद होतो. म्हणजे शांतता हवी तर रिमोटचं अर्धं काम सोडा. याला मी सोय म्हणत नाही. स्वस्ताचा मुद्दा मात्र मान्य. मग दोन्ही ठेवा ना, जाहिरातवाला स्वस्त आणि बिनजाहिरातीचा महाग. निवडू दे माणसाला.

पेडणे_किनारा
लॅनच्या वायरीला माझा विरोध आहे. रोहिणीत पहिला गडगडाट झाला की आमच्याकडे कुणाचा ना कुणाचा राउटर जळतो. तांब्याची वायर ओढून तो झटका टीव्हीपर्यंत कशाला न्यायचा?

चिरेबंदी_डिचोली
फायबर काचेची असते, ती वीज वाहून आणत नाही. झटका बहुधा लाईटीच्या पिनेतून येतो, आणि पीन वायफायवाल्या बॉक्सलाही आहेच. गडगडायला लागलं की पिना काढाव्या, हाच उपाय.

केप्याची_सून
तुम्ही सगळे वायरी आणि पोस्टरं घेऊन बसलात. आमच्या घरात टीव्ही सर्वात जास्त बघतात त्या सासूबाई. त्यांना सकाळी बातम्या, संध्याकाळी मालिका, मधे कुठे कीर्तन लागलं तर ते. फ्री डिशवर नंबर दाबला की चॅनल लागतं, महिन्याचं भाडं नाही. नव्या बॉक्सच्या रिमोटवर आकडेच नाहीत! ॲपवाल्या कंपन्यांची चार बटणं मात्र ठळक. मी घरी नसले तर त्या बंद टीव्हीसमोर बसून राहतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. ज्या माणसाचा दिवस टीव्हीवर जातो, त्याचा विचार डबा बनवताना कुणी केलाच नाही.

फोंड्याचो_भुरगो
ताई, डिश आणि ॲप्स एकत्र असलेले बॉक्स टाटा प्ले आणि एअरटेल दोघांचेही आहेत. नाहीतर प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप घाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इफ्फी चित्रपट महोत्सवात, आपल्या गोव्यातच सुरू झालं. दूरदर्शन थेट दिसतं.

केप्याची_सून
ते बॉक्स घेतले की त्या कंपनीचा रिचार्ज आला. आणि ‘वेव्हज’पर्यंत पोचायला आधी ॲप उघडायचं, मग शोधायचं, मग यादीत खाली उतरायचं. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला हे जमेल, पण रोज का जमवायचं? बॉक्स सुरू झाला की शेवटचं बघितलेलं चॅनल आपोआप लागावं. जुन्या केबलला हे जमत होतं.

पेडणे_किनारा
हे शंभर टक्के. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातो, तेव्हा त्याच रिमोटने त्याच नंबरवर नेटवरचं चॅनल लागलं तर मीसुद्धा जास्त पैसे देईन.

चिरेबंदी_डिचोली
आकड्यांचा रिमोट माझ्या यादीत नव्हता, आता सगळ्यात वर घेतो. पण पोस्टरं सासूबाईंनाही नडतात हे बघा. चुकून एक बटण दाबलं की त्या भलत्याच ॲपच्या पैसे भरा पानावर. ते बंद करता आलंच पाहिजे.

फोंड्याचो_भुरगो
किमतीवर मी अजून ठाम आहे. पण एक गोष्ट कुणीच काढली नाही. स्वस्त स्टिकमध्ये ॲप्स ठेवायला जागा ८ जीबी, त्यातला मोठा वाटा सिस्टिमच खाते. ॲप्स दरवर्षी फुगतात, मग एक घालायला दुसरं काढा. वर अपडेट थांबले की बँकेच्या ॲपसारखी ही ॲप्सही चालायला नकार देतात, डबा धडधाकट असूनही. मी दुकानात गेलो तर फोर-के विचारणार नाही. अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार ते खोक्यावर छापलंय का, एवढंच विचारणार. कुणी असा बॉक्स बघितला असेल तर इथे टाका.