'गुलदार' निवतीला बुडवायची की अलंगला तोडायची?

आरवलीकर: जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली १९८५ ची युद्धनौका 'गुलदार' सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करायचं ठरलंय. मला हे पटत नाही. गुजरातच्या अलंगला, जहाजं तोडतात तिथे, कापली तर तिचं पोलाद रोलिंग मिलमधून सळई होऊन परत येईल, तेवढं खनिज खणायचं वाचेल. बुडवली की गंजून गेलं. शिवाय त्या काळच्या जहाजात अॅस्बेस्टॉस, केबलच्या आवरणात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. तळाला तर शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग देतात, आणि आपण म्हणतोय तिथेच प्रवाळ धरेल!

तारकर्लीचो_डायव्हर: अलंगचं कौतुक ऐकून गंमत वाटली. भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवायचं नि ओहोटीला चिखलात उभं राहून गॅस कटर चालवायचा, हे पर्यावरणस्नेही? जहाजतोडणीच्या यार्डांच्या युरोपीय संघाच्या मंजूर यादीत २०२५ च्या मध्यापर्यंत एकही भारतीय यार्ड नव्हतं. इकडे ऑक्टोबर ते मे सगळे पर्यटक मालवणच्या त्याच खडकांवर पाय देतात. दुसरी जागा मिळाली तर खऱ्या प्रवाळावरचा ताण उतरेल.

भंगारवाला_दारूखाना: चिखलाचा फोटो जुना झाला हो. अलंगच्या बऱ्याच यार्डांत आता काँक्रीटची जमीन आहे, सुटे भाग क्रेनने उचलून त्यावर कापतात. युरोपचा आक्षेप जहाज किनाऱ्यावर चढवण्यालाच आहे, तो वेगळा. आणि युद्धनौका तोडणं नवीन नाही. विमानवाहू विक्रांत २०१४ ला मुंबईत आमच्या दारूखान्यात तुटली, दुसरी विमानवाहू विराट २०२० ला अलंगला गेली. तेव्हा भावना दुखावल्या, पण पोलाद तरी हाती आलं.

तारकर्लीचो_डायव्हर: बुडवण्याआधी तेल, वायरिंग, रंग सगळं काढतात. उगाच घाबरवू नका.

आरवलीकर: सगळं? अमेरिकेने २००६ ला 'ओरिस्कनी' ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ बुडवली, तेव्हा केबलमधलं पीसीबी आत राहिलंच होतं. २६ जून २०२५ ला जहाजतोडणीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार लागू झाला. त्यात जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी सक्तीची आहे, पण युद्धनौका वगळल्यात. आपला २०१९ चा जहाजतोडणीचा कायदाही तसाच. नौदलाने पर्यटन महामंडळाला दिल्यावर ती युद्धनौका कशी राहिली? यादी करा, जाहीर करा. मग बुडवायचीच तर बुडवा, निदान काय बुडतंय ते कळेल.

भंगारवाला_दारूखाना: यादी केलीत तर खर्च बघून तुम्हीच म्हणाल, तोडा.

रापणकार: तुमचा चालूच ऱ्हवांदे. जाळा तेका अडाकला तर भरपाई कोण देतलो, आणि थंय मासेमारी बंद करतले काय, ह्या आमका अजून कोणी सांगूक नाय. पयली ती जागा नकाशावर दाखया.