बेंचमार्किंग करायचं तर कोणाशी?

उरणकर: आमच्या न्हावाशेवाच्या कंटेनर टर्मिनलवर नवीन खूळ आलंय, क्रेनचे तासाला किती मूव्ह (डब्यांची, म्हणजे कंटेनरची, चढ-उतार) होतात ते सिंगापूरशी ताडून बघायचे. अर्थ आहे का याला?

जेटीवाला: अहो सिंगापूर ट्रान्सशिपमेंटचं बंदर, बहुतेक डबे एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढतात, न्हावाशेवाला गेट, ट्रेलर, कस्टम्स, रेल्वे सगळंच आलं. गुजरातच्या मुंद्रा बंदराशी करा की तुलना.

ग्रीसगन: आधी तास कसला धरलाय ते विचारा, ग्रॉस (सगळा वेळ धरून) की नेट (थांबलेला वेळ वगळून)? हॅच कव्हर (जहाजाच्या पोटावरची झाकणं) काढणं-घालणं, शिफ्ट बदल, ब्रेकडाऊन वगळले की आकडा झकास दिसतो, क्रेन तीच!

जेटीवाला: +१. वर्ल्ड बँकेच्या कंटेनर बंदरांच्या कामगिरीच्या २०२३ च्या यादीत विशाखापट्टणम १९वं आलं, तिथे मोजतात जहाजाचा बंदरातला वेळ. मला तरी तेच पटतं.