डेव्हनचा धाकटा मुलगा खरंच कॉर्कला गेला का?

नमस्कार मंडळी. नवऱ्याचं घराणं इंग्लंडमधल्या डेव्हनचं. सासऱ्यांकडच्या हस्तलिखित वंशावळीत धाकटा मुलगा 1690च्या सुमारास कॉर्कला गेला आणि आयर्लंडची शाखा त्याचीच, असं आहे. चुलत सासरे म्हणतात, तो लहानपणीच वारला. त्या एका नावाची शाई बाकीच्यांपेक्षा काळी आहे, तेच मला खुपतंय. सासरे ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या हयातीत खरं कळावं, एवढीच तळमळ. आयर्लंडमधली मृत्युपत्रं कुठे मिळतील?

उत्तर १
ताई, मूळ मृत्युपत्रं बहुतेक गेलीच. 1922मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना जळाला. पण आयर्लंडमधले वंशावळीचे अभ्यासक विल्यम बेथम यांनी त्याच्या कितीतरी आधी मृत्युपत्रांवरून काढलेली टिपणं आणि वंशावळी शाबूत राहिल्या, त्या बघा. इंग्लंड-आयर्लंड दोन्हीकडे मालमत्ता असेल तर इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या चर्चच्या कोर्टातलं मृत्युपत्रही शोधा. ती लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

उत्तर २
डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स, म्हणजे दस्तनोंदणी कचेरीही सोडू नका. 1708पासूनचे भाडेपट्टे, लग्नाचे करार तिथे नोंदलेत. पण आधी डेव्हनच्या पॅरिशची, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चची दफननोंद बघा. आणि तिथेच थांबू नका! मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची तेव्हा पद्धत होती. दोघेही सासरे खरं बोलत असतील.

मूळ प्रश्नकर्ती
हे डोक्यातच आलं नव्हतं! दफनानंतरच्या दहा वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आज रात्रीच वाचायला घेते. खूप आभार.