मदत हवी आहे: पीएलजीएफ ०.४८ आलंय, बाराव्या आठवड्यातला प्रीएक्लाम्प्सियाचा रिपोर्ट कसा वाचायचा?

कदंब

नमस्कार. प्रश्न धाकट्या बहिणीसाठी आहे. दुसरं बाळंतपण, आज १२ आठवडे ४ दिवस. पहिल्या वेळी बीपी वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि ३३व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. म्हणून या वेळी एनटी स्कॅनबरोबर (बाराव्या आठवड्याच्या सुमाराची सोनोग्राफी) प्रीएक्लाम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजाराचं, स्क्रीनिंग करून घेतलं. रिपोर्टातले आकडे जसेच्या तसे देतो:

सीआरएल (बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) ५६ मिमी, १२ आठवडे १ दिवस
वजन ६८ किलो, बीपी १२०/८०
युटेराइन आर्टरी पीआय (गर्भाशयाच्या रक्तवाहिनीतल्या प्रवाहाला होणारा अडथळा) सरासरी २.१
पीएपीपी-ए (वारेतून येणारं एक प्रथिन) ०.७१ एमओएम
पीएलजीएफ ०.४८ एमओएम
आधीच्या गरोदरपणात प्रीएक्लाम्प्सिया: नाही
३७ आठवड्यांआधी प्रीएक्लाम्प्सियाची जोखीम १:६२, शेरा ‘हाय रिस्क’

डॉक्टरांनी रोज रात्री ॲस्पिरिन १५० मिग्रॅ लिहून दिलं आहे, पण रक्तस्राव होईल या भीतीने घरात कुणी ती गोळी सुरू करू देत नाहीये. पंधरा दिवसांनी पीएलजीएफ पुन्हा करून मग ठरवू, असं सगळ्यांचं मत आहे. लॅबवाले म्हणतात, हवं तर आत्ताच एसएफएलटी-१/पीएलजीएफ रेशोही करून टाका. तो करावा का? आणि ०.४८ म्हणजे नक्की किती वाईट?

सीरमवाली

सगळ्यात आधी, तुम्हीच लिहिलेली सहावी ओळ पुन्हा वाचा. ‘आधीच्या गरोदरपणात प्रीएक्लाम्प्सिया: नाही’. तुम्ही वर जे सांगितलंय तो प्रीएक्लाम्प्सियाच होता, आणि तोही मुदतीच्या बराच आधीचा. म्हणजे फॉर्म भरताना ही माहिती सुटली आहे आणि १:६२ हा आकडा त्या माहितीशिवाय काढलेला आहे. या गणितात रक्ताच्या आकड्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, वजन मागच्या इतिहासाला असतं. लॅबला फोन करून ‘इतिहास दुरुस्त करून जोखीम पुन्हा काढा’ म्हणून सांगा. नवं रक्त द्यावं लागत नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोंद बदलली की नवा आकडा येतो. त्याच वेळी वजन, उंची, गर्भ आयव्हीएफचा आहे का, मधुमेह, धूम्रपान आणि पहिल्या बाळंतपणाचे आठवडे या नोंदीही तपासून घ्या.

आता ०.४८. पीएलजीएफ हे वारेतून आईच्या रक्तात येणारं प्रथिन आहे, रक्तवाहिन्यांची वाढ आणि आरोग्य राखणारं. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत नीट रुंदावल्या नाहीत तर वारेला रक्त कमी पडतं आणि पीएलजीएफ घटतं. एमओएम म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या, तेवढ्याच वजनाच्या बायकांच्या मध्यम आकड्याच्या किती पट. ०.४८ म्हणजे निम्म्याहूनही थोडं कमी. ही काळजीने बघायची खूण आहे, पण एकट्या पीएलजीएफवरून निदान होत नाही. जोखीम १:६२ याचा अर्थ असे आकडे असलेल्या ६२ जणींपैकी एकीला ३७ आठवड्यांआधी प्रीएक्लाम्प्सिया होतो, ६१ जणींना होत नाही. तरी ‘हाय रिस्क’ लिहिलं, कारण बहुतेक ठिकाणी १:१०० ही सीमा धरतात.

पंधरा दिवसांनी पुन्हा करू नका. ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळासाठीच हे गणित बसवलेलं आहे. पीएलजीएफ साधारण तिसाव्या आठवड्यापर्यंत सगळ्यांचंच चढत जातं, त्यामुळे पुढचा आकडा मोठा दिसेल आणि घरच्यांना वाटेल की ‘सुधारलं’. त्यात खरं नुकसान म्हणजे ॲस्पिरिनचे दोन आठवडे वाया जातील.

पारिजात

सीरमवालींशी पूर्ण सहमत. गोळीबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत ॲस्पिरिनचा निर्णय या रिपोर्टवर अवलंबूनच नाही. आधीचा प्रीएक्लाम्प्सिया, जुना रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, ल्युपससारखे आजार, यातलं एक जरी असलं तरी रक्ततपासणी न करताही गोळी सुरू करतात. दुरुस्त रिपोर्टची वाट पाहत गोळी थांबवू नका.

उशीर का चालत नाही, तर वारेच्या रक्तवाहिन्यांची घडण या आठवड्यांतच होत असते. सोळाव्या आठवड्याआधी सुरू केली तर फायदा ठळक दिसतो, नंतर तो कमी होत जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्रे चाचणीत जास्त जोखमीच्या १,७७६ जणी होत्या. ११ ते १४ आठवड्यांत सुरू करून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिग्रॅ दिल्यावर मुदतपूर्व प्रीएक्लाम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. गंभीर दुष्परिणाम ॲस्पिरिनच्या गटात वाढले नाहीत, हे घरच्यांना जरूर वाचून दाखवा. ३७ आठवड्यांनंतर होणारा प्रीएक्लाम्प्सिया मात्र या गोळीने फारसा टळत नाही. म्हणून गोळी चालू आहे म्हणून बीपी मोजणं सैल सोडायचं नाही.

ॲस्पिरिनची ॲलर्जी, ॲस्पिरिनने उठणारा दमा, पोटात अल्सर, रक्तस्रावाचा जन्मजात आजार यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नसेल तर आज रात्रीच सुरू करा. १५० ची गोळी मिळाली नाही तर ७५ च्या दोन. एखाद्या रात्री विसरली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही. पण वारंवार विसरणं इथे महागात पडतं. त्या चाचणीतही ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांना फायदा सर्वांत जास्त झाला.

तिसरी_मिती

मला १२०/८० हा आकडा खटकतो. इतका गोल आकडा बहुधा कागदावर अंदाजाने लिहिलेला असतो. या गणितात मीन आर्टेरियल प्रेशर जातं, म्हणजे खालचा आकडा अधिक दोन्हींतल्या फरकाचा एक तृतीयांश. त्यामुळे चार-पाच अंकांची चूकसुद्धा जोखीम हलवते. योग्य पद्धत अशी: पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय एकमेकांवर न टाकता जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, दंडाच्या घेरानुसार पट्टा (२२ सेंमीपेक्षा कमी घेराला लहान, ३३ च्या पुढे मोठा), दोन्ही हातांवर एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा, आणि चारही मोजमापांची सरासरी. लॅबला फोन कराल तेव्हा विचारा, बीपी त्यांनी मोजलं की तोंडी विचारून लिहिलं. जोखीम पुन्हा काढतानाच नीट मोजलेलं बीपी देता येईल, फक्त १३ आठवडे ६ दिवसांच्या आत.

डॉपलरच्या (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) पीआयसाठी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची नोंद आणि त्यांची सरासरी लागते. रिपोर्टात दोन्ही आकडे वेगवेगळे दिसायला हवेत.

कदंब

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅबने कबूल केलं, फॉर्मवर तो रकाना कोराच राहिला होता. बीपीही तोंडी विचारलं होतं. आज चार वेळा मोजून दिलं, सरासरी ११८/७६. दुरुस्त जोखीम १:१९ आली. गोळी सुरू झाली आहे. रेशोबद्दल मात्र अजून कळलं नाही.

सीरमवाली

रेशो आत्ता नको. तो वेगळ्या वेळचा, वेगळ्या प्रश्नाचा आहे. विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढलं, लघवीत प्रोटीन दिसलं, डोकं दुखायला लागलं किंवा बाळाची वाढ मागे पडली, म्हणजे संशय आला, की तेव्हा विचारायचं, ‘पुढच्या आठवड्यात आजार उघड होईल का?’ आजारात वार एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन जास्त सोडते, ते पीएलजीएफला धरून ठेवतं आणि रेशो वाढतो. २४ ते ३६ आठवडे ६ दिवस या काळात रेशो ३८ किंवा कमी असेल तर पुढच्या आठवडाभरात प्रीएक्लाम्प्सिया होण्याची शक्यता फारच कमी. २०१६ च्या प्रॉग्नोसिस अभ्यासात हे भाकीत ९९.३ टक्के वेळा खरं ठरलं. उलट बाजूने तितकी खात्री नाही: ३८ च्या वर आलेल्यांपैकी साधारण ३७ टक्क्यांनाच पुढच्या चार आठवड्यांत आजार झाला. ३४ आठवड्यांआधी ८५ आणि नंतर ११० ओलांडला तर मात्र आजाराची शक्यता बळावते.

हे आकडे ठरावीक यंत्राचे आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेल्या दुसऱ्या कंपनीच्या तपासणीत सीमा ४० ची आहे, तीही इस्पितळात दाखल झालेल्या बायकांसाठी. म्हणून रिपोर्टवर यंत्राचं नाव बघा आणि पुन्हा करायची वेळ आलीच तर त्याच लॅबमध्ये करा. नळीसुद्धा यंत्रागणिक वेगळी असते: काहींना सीरम लागतं, काहींना ईडीटीएचं (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लाझ्मा. चुकीच्या नळीतलं रक्त परत मागवलं जातं आणि संशय असताना तो दिवस फुकट जातो.

पारिजात

आणि रेशो चांगला आला तरी तो त्या आठवड्यापुरता. बीपी १६०/११० ला पोचलं किंवा लक्षणं आली तर रेशो बघत बसायचं नाही.

घरी मोजायचं यंत्र गरोदरपणासाठी तपासलेलं असावं. बरीच साधी यंत्रं प्रीएक्लाम्प्सियात बीपी कमी दाखवतात, म्हणून एकदा दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून घ्या. १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजा आणि तेवढंच असेल तर थेट इस्पितळ, बरं वाटत असलं तरीही. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तरी लगेच.

ॲस्पिरिन ३६ आठवड्यांना थांबवतात, तारीख डॉक्टर सांगतील. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याचीही गोळी देतात, ती लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, काही तासांचं अंतर ठेवावं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी सर्वांत जास्त चढू शकतं आणि तेव्हा सगळे बाळात गुंतलेले असतात. म्हणून यंत्र घरीच राहू द्या आणि त्या आठवड्यात रोज मोजा.